गाळावरचा तांदूळ

आठवी गोणी खडकावर टेकली आणि बोट मागे सरकायला लागली.

“ए दित्या, कुठं निघाला?” नुऱ्या कारभारी ओरडले. “माल बोटीतच आहे अजून!”

“पाणी उतरतंय, कारभारी!” बोटवाला दित्या लांब बांबूने बोट मागे रेटत होता. “आणखी थांबलो तर बोट दगडावर बसेल. बूड फुटलं म्हणजे?”

बघता बघता बोट खडकापासून सुटली आणि उजव्या हाताला, मोकळ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. आता तिच्या आणि आमच्या मध्ये नुसता गाळ होता, कित्येक दिवस उघडा पडलेला. वरून वाळून भेगाळलेला, करडा, सपाट. नवख्या माणसाला वाटावं, नांगरायचं राहून गेलेलं शेत आहे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सिन्नरहून नर्मदेकाठच्या या पाड्यावर शिक्षिका म्हणून येऊन मला वर्षही झालं नव्हतं. खालच्या धरणाचं पाणी मागे फुगलं तेव्हा पाड्याचा रस्ता बुडाला, तो बुडालाच. मीठ, रॉकेल, लस टोचणारी सिस्टर, सगळं बोटीने यायचं. शाळेच्या खिचडीचा तांदूळही. तालुक्याच्या गोदामातून तो टेम्पोने घाटापर्यंत येई, घाटावर बोटीत चढे आणि इथे खडकावर उतरे. त्या साली संक्रांतीनंतर ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराला घाटापुढे नदी लागते हेच कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा टेम्पो घाटापर्यंत आला, पुढे रस्ता दिसेना म्हणून परत गेला, आणि शाळेची चूल जी विझली ती होळी झाली तरी पेटली नव्हती.

होळी झाली की इथली माणसं मजुरीला गुजरातेत उतरतात. शाळेत चूल पेटत असली तर पोरांना म्हाताऱ्यांजवळ ठेवतात, एका वेळेचं तरी शाळेत भागतं म्हणून. चूल बंद असली की पोरंही बरोबर जातात. एकदा गेलेलं पोर पुन्हा पाटीसमोर बसायला फारसं येत नाही. कारभाऱ्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, “मॅडम, येत्या बाजारापर्यंत तांदूळ आला तर पोरं राहतील. नाही आला तर मी कोणाला अडवणार नाही. उपाशी ठेवून थांबवायचं तरी कसं?”

पाड्याच्या वर डोंगराच्या टेंगळावर एका सागाखाली उभं राहिलं की मोबाइलला रेंज मिळायची. तिथून मी ठेकेदाराच्या मुनिमाला, भावसारांना, रोज फोन करायचे. कधी टेम्पो नसायचा, कधी हमाल नसायचे, कधी बोट नसायची. शेवटी एक दिवस माझा तोल गेला. मी म्हणाले, “भावसारभाऊ, मला नका सांगू. एकदा इथे या आणि पोरांना समोर बसवून सांगा.”

आणि ते आले. तांदळाबरोबर बोटीत बसून स्वतः आले. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा माणूस. डोळ्यांना चष्मा, अंगात पांढरा शर्ट, विजार पोटरीपर्यंत दुमडलेली. मला पाहिल्यावर ते हसले नाहीत, मीही हसले नाही.

आता ते बोटीच्या टोकाशी येऊन हात उडवत होते.

“मॅडम, आज एवढंच घ्या. बाकीचा माल मी परत नेतो. पाणी चढलं की आणून देतो.”

“पाणी कधी चढेल?”

“ते मी कसं सांगू? धरणवाल्यांना विचारा.”

“भाऊ, आज माल परत गेला तर पोरं आठवड्याच्या आत निघून जातील. मग आणलेल्या तांदळाचं काय करायचं?”

“मग बोट जमिनीवर चालवू का?” ते चिडले. “दोन दिवस घाटावर बसून ही बोट मिळवली. सगळे मेले भावसारलाच बोलतात.”

“दित्या,” कारभारी मध्ये पडले, “खडकाला एकदाच लाव. आम्ही झपाट्याने उतरवतो.”

दित्याने नकारार्थी मान हलवली.

भावसारांनी समोरच्या गाळाकडे पाहिलं. एक बगळा त्यावरून एकेक पाय उचलत चालला होता.

“हे तर वाळलंय की!” ते म्हणाले. “तुम्ही लोक उगाच दगडांवरून वळसा घालत बसलात. सरळ इथून या आणि गोण्या न्या.”

“त्यात उतरायचं नाही, भाऊ!” कारभाऱ्यांचा आवाज चढला. “वरून पापड आहे. खाली काही नाही.”

“असेल घोटाभर चिखल. तुमची माणसं येत नसतील तर मी दाखवतो. मुनीम व्हायच्या आधी गोदामात हमाली केलीय मी.”

दित्या नको नको म्हणत असताना त्यांनी एक गोणी पाठीवर घेतली आणि टोकावरून खाली पाय टाकला. गाळ खरंच घोटाभरच दबला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, जणू म्हणत होते, बघा. मग झपझप चालत निघाले. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. वाटलं, चला, वाट सापडली.

अर्ध्याहून जास्त अंतर तोडल्यावर ते एकदम बुटके झाले.

मला दुसरा शब्द सुचत नाही. चालता चालता माणूस गुडघ्यांइतका कमी झाला. त्यांनी पाय उपसायला जोर लावला, तसे मांड्यांपर्यंत गेले. पाठीवरची गोणी पुढे पडली. तिला धरून वर यायला बघितलं, तर गोणी तिरकी होऊन निम्मी आत गेली आणि ते कमरेपर्यंत.

“हलू नको!” कारभारी ओरडले. “भाऊ, हलू नको! जेवढा हलशील तेवढा जाशील!”

दित्याने बोटीतून दोर फेकला. भावसारांनी तो काखेखालून बांधून घेतला. दित्याने इंजिन सुरू केलं आणि बोट मागे घेतली. दोर ताणला गेला आणि भावसारांच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की माझ्या शेजारच्या बाईने कान झाकले. कमरेखालचं शरीर जागचं हललं नव्हतं. दित्याने घाबरून इंजिन बंद केलं.

“खाटा आणा रे!” कारभाऱ्यांनी दोन गडी पाड्याकडे पिटाळले. “चार-पाच खाटा आणा, आडव्या टाकू.”

पाडा डोंगराच्या पाठीमागे होता. माणूस नुसता जाऊन यायचा तरी ऊन कलायचं, आणि हे तर डोक्यावर खाटा घेऊन येणार होते. गडी पळत सुटले. आम्ही उभे राहिलो. भावसार छातीशी गोणी धरून खाली मान घालून होते. चष्मा कुठेतरी पडला होता.

मग दित्या बोटीतून हळूच म्हणाला, “कारभारी, पाचोळा बघ.”

मला आधी कळलं नाही. पाण्याच्या कडेला साचलेला पाचोळा इतका वेळ आत, नदीकडे ओढला जात होता. तो आता थांबला होता. थोड्या वेळाने तो आमच्याकडे सरकू लागला. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं.

“किती चढेल?” मी विचारलं.

“कधी हातभर, कधी पुरुषभर,” कारभारी म्हणाले. “त्याला काही माप नसतं. खाटा येतील तोवर.”

खाटा येतील म्हणताना त्यांनी शाळेची खिचडी शिजवणाऱ्या खियालीबाईंकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. मग माझ्या लक्षात आलं की सगळेच त्यांच्याकडे बघून नजर वळवत होते. त्या उतरवलेल्या आठ गोण्यांपैकी एकीवर बसल्या होत्या. मला वाटलं, स्वयंपाक त्या करतात, तांदळाची जबाबदारी त्यांची, म्हणून असेल. कारण तोवर सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि ती कोणीच बोलत नव्हतं.

मीच बोलले. “कारभारी, गोण्या टाकू या गाळावर. एकापुढे एक. त्यावरून माणूस जाईल.”

कोणी हललं नाही.

“मॅडम, गोण्या फुटतील,” एकजण म्हणाला. “सगळा तांदूळ रेंद्यात जाईल.”

“जाऊ दे.”

“कोणाचा जाऊ दे?” मागून एक तरुण बाप पुढे आला. त्याची दोन पोरं माझ्या शाळेत होती. “आमच्या पोरांचा ना? दोन महिने हा माणूस फोनवर नाही नाही म्हणत होता, तूच सांगायची. आज आठ गोण्या आल्या, त्याही याच्याच पायाखाली टाकायच्या? बोटीतला परत जाईल आणि हाही जाईल. मग माझी पोरं कशावर ठेवू?”

त्याचं काही चुकत नव्हतं. मी खियालीबाईंपाशी गेले आणि त्यांच्या गोणीला हात घातला.

“खियालीबाई, उठा. ही पहिली टाकू.”

त्यांनी माझा हात झटकला. त्या मला मॅडम म्हणायच्या आणि अरेतुरेत बोलायच्या, त्यांच्या बोलीत अहोजाहो नाहीच. पण एरवी माझ्याशी कधी एवढा खरखरीत आवाज काढला नव्हता.

“हात नको लावू, मॅडम.”

“अहो, माणूस जाईल तो!”

“हात नको लावू.”

त्या गोणीवर तशाच बसून राहिल्या. गाळाकडे बघतसुद्धा नव्हत्या. बघत होत्या आपल्या पायांकडे. मला त्यांचा भयंकर राग आला. इतकी चांगली बाई, पोरांच्या तोंडात घास गेल्याशिवाय स्वतः न जेवणारी, आणि आज एका मरणाऱ्या माणसापुढे तांदूळ धरून बसते!

पाणी भावसारांच्या मागच्या बाजूने पोहोचलं होतं. गाळाच्या भेगांतून ते मुंग्यांच्या रांगेसारखं पुढे येत होतं. पाठीला ओल लागली तसे ते दचकले आणि हिसका देऊन आणखी रुतले. आता गाळ छातीला होता.

“कारभारी,” त्यांनी हाक मारली. आवाजात मघाचा ताठा नव्हता. “किती वेळ लागेल?”

“येतात, भाऊ. खाटा येतात. तू माझ्याशी बोलत राहा.”

हे ऐकलं आणि खियालीबाई उठल्या.

त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला, गोणीचे दोन्ही कान धरले आणि एकट्याने ती फरफटत गाळाच्या कडेला नेली. पन्नास किलोची गोणी. ढकलली, ती थपकन बसली. त्या वळल्या आणि त्या तरुण बापाला म्हणाल्या, “दुसरी आण.”

त्याने आणली.

मग कोणी कोणाला सांगायची गरज राहिली नाही. गोणीवरून गोणी पुढे सरकवत गेले. पहिल्या गोणीवर दोन माणसं उभी राहिली तशी ती करकरली, बाजूंनी चिखल वर आला, पण तिने तोल धरला. चौथ्या गोणीनंतर जड माणसांचं काम संपलं. ते पुढे गेले की सगळी ओळच दबायची.

“बायका जा,” कारभारी म्हणाले. “हलक्या आहेत त्या.”

खियालीबाई पुढे आणि मी मागे, अशा आम्ही पोटावर सरपटत निघालो. मागून पुरुष गोण्या सरकवून देत होते, आम्ही त्या पुढे लोटत होतो. सहाव्या गोणीची शिवण उसवली. पांढरे दाणे माझ्या हातांवरून, कोपरांखालून वाहत गाळात गेले. मला आठवतं, मी ते ओंजळीने आत ढकलायला बघत होते आणि खियालीबाई मागे न बघताच म्हणाल्या, “ते सोड. पुढची दे.”

भावसारांची स्वतःची गोणी तोवर गाळात गडप झाली होती; आठवी त्यांच्या छातीला टेकली. त्यांनी तिच्यावर दोन्ही हात टाकले आणि गाल टेकवला. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंनी हातांनी गाळ उपसू लागलो. उपसावा तितका पुन्हा भरत होता. आता त्यात पाणी मिसळत होतं, त्यामुळे गाळ सैल होत होता, आणि ते पाणी वरही चढत होतं. दोन्ही एकाच वेळी.

“भाऊ, पाय हलवा. हळूहळू. गोल गोल,” मी म्हणाले.

“हलत नाहीत, मॅडम.”

“एकच हलवा.”

त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. दाढीला चिखल, आणि चष्म्याशिवाय ते डोळे कोणा भलत्याच माणसाचे वाटत होते. ते माझ्याकडे बघत होते की माझ्या पलीकडे, कळत नव्हतं.

“मॅडम,” ते म्हणाले, “तांदूळ चांगला आहे. मागच्या लॉटला कीड होती. हा मी स्वतः निवडून घेतला. बघून घ्या.”

“बघते. पाय हलवा.”

“तुम्ही फोनवर म्हणालात ना, पोरांना समोर बसवून सांगा...”

“ते राहू दे आता. पाय हलवा!”

खियालीबाईंचा हात खांद्यापर्यंत गाळात होता. त्यांनी एकदम दात आवळले आणि ओरडल्या, “सुटला! एक सुटला! ओढा!”

कारभाऱ्यांनी आमच्या अंगावरून दोर टाकला. मी तो भावसारांच्या पाठीमागून घेतला आणि गाठ मारली. काठावर पुरुष आणि बायका एका ओळीत ओढायला उभे राहिले. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला गाळातून ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि भावसार कमरेपर्यंत वर आले. तिसऱ्याला ते पालथे गोणीवर पडले, आणि तसेच, गोण्यांवरून घासत, उसवलेल्या तांदळातून ओढत त्यांना काठावर नेलं. विजार गाळातच राहिली होती. एका बाईने डोक्यावरचं फडकं काढून त्यांच्या कमरेवर टाकलं.

ते बराच वेळ उताणे पडून होते. मग कुशीवर वळून ओकले, आणि मुलासारखे रडले. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघत राहणं बरं नव्हतं.

खाटा आल्या तेव्हा पाणी शेवटच्या गोणीवरून गेलं होतं. काठाकडच्या पाच गोण्या पुरुषांनी दोर लावून ओढून काढल्या. पुढच्या तीन आणि भावसारांच्या पाठीवरची ती एक, नदीने घेतल्या.

पाणी चढलं तशी बोट पुन्हा खडकाला लागली. भावसारांना उचलून आत ठेवलं. दित्याने दोर सोडायला हात घातला, तर ते बोटीच्या तळातून म्हणाले, “आधी माल उतरव.”

“भाऊ, अंधार पडेल. तुला दवाखान्यात न्यायचंय.”

“उतरव म्हणतो ना.”

तो मघाचा तरुण बाप सगळ्यांत आधी बोटीत चढला. ओलांडून जाताना भावसारांना पाय लागला तसा खाली वाकून त्याने त्यांच्या पायाला हात लावून कपाळाला लावला, आणि गोणी पाठीवर घेतली. दिवस मावळायच्या आत सगळा तांदूळ खडकावर आला.

त्या वर्षी पोरं राहिली. सगळी नाही, पण बरीच राहिली. तांदूळ कमी कसा भरला याची पुढे चौकशी झाली, मला तालुक्याला हेलपाटे घालावे लागले. मी जे घडलं तेच सांगितलं. भावसारांनीही तेच सांगितलं असावं, कारण पुढच्या खेपेला बोटीतून गाळावर टाकायला सागाच्या लांबलचक फळ्या आल्या आणि त्यानंतर प्रत्येक खेपेला येत राहिल्या. ते स्वतः मात्र पुन्हा नदीवर आले नाहीत. मी पुढे पाच वर्षं त्या शाळेत काढली.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

चिखलाने माखलेल्या पाच गोण्या आम्ही झऱ्यावर नेल्या होत्या. बायका टोपल्यांत तांदूळ घेऊन वाहत्या पाण्यात धरत होत्या. गढूळ पाणी जाई, आणखी एकदा धरायचं, पुन्हा गढूळ. धुतलेला तांदूळ खडकांवर पसरला होता आणि पोरं पाखरं हाकत होती. मी खियालीबाईंच्या शेजारी बसले होते. कालचा राग माझ्या मनातून गेला होता, पण प्रश्न गेला नव्हता.

“खियालीबाई,” मी म्हणाले, “काल आधी तुम्ही गोणी सोडत नव्हता. आणि मग एकदम उठलात.”

त्या टोपली हलवत राहिल्या.

“सोडत नव्हते असं नाही, मॅडम. माझे पायच उठत नव्हते.”

“का?”

“पोरांचा बाप तिथंच गेला ना.”

त्यांचा नवरा वारलेला आहे एवढंच मला ठाऊक होतं. कशाने, हे मी कधी विचारलं नव्हतं. तापाने गेला असेल, असं धरून चालले होते.

“बैल फसला होता गाळात,” त्या म्हणाल्या. “त्याला काढायला उतरला. बैल निघाला, हा राहिला. तेव्हापण कारभारी हेच म्हणत होता, खाटा येतील, माझ्याशी बोलत राहा. खाटा आल्या, तोवर पाणी आलं. गळ्याशी पाणी येईपर्यंत बोलत होता. बैल घरी गेला का, ते विचारत होता.”

मी त्यांच्या टोपलीत हात घातला आणि त्यांच्याबरोबर तांदूळ चोळायला लागले. दाणे अजून करडे होते. त्यांनी टोपली उचलली, पाणी गळू दिलं आणि पुन्हा बुडवली.

“त्या दिवशी टाकायला आमच्याकडे काहीच नव्हतं, मॅडम,” त्या म्हणाल्या.